हिरुबायचे पिवळे गमबूट

मंगळवार, सतरा मे दोन हजार बावीस. सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे. खाडीकाठच्या मिठागरात माणसं किती? नऊ! सात जणी मिठाची टोपली वाहणाऱ्या, दोघं कॅमेरे सांभाळणारी. मंडळी, आजचा प्रश्न त्या दोघांचा आहे. दुसऱ्याचं दुःख जगाला दाखवणं ही सेवा. पण नीट दिसावं म्हणून ते आपणच थोडं वाढवलं, तर त्या सेवेला काय म्हणावं? लगेच माना डोलावू नका. आधी ऐका!

शलाका छायाचित्रं काढायची, भार्गव चित्रपट करायचा. नवराबायको नव्हेत हो, कामातले जोडीदार! वीटभट्टी, दगडखाण — जिथे कोणी फिरकत नाही, तिथे ही जोडी हजर. या वेळचा विषय होता मिठाने चिरलेले पाय.

आणि त्या सात जणींतली हिरुबाय म्हात्रे आली ती पिवळेधमक गमबूट घालून! लेकीने आणून दिलेले, आठवडाही झाला नव्हता.

भार्गव पुटपुटला, "शलाका, हे पिवळं फार डोळ्यांत येतंय."

शलाकाच पुढे झाली. "मावशी, बूट काढता का? थोडाच वेळ."

"काढते की! फोटूत पाय हवेत ना तुला?"

मग काय! पहिल्या खेपेला सूर्य ढगाआड. दुसरीला मागून कुत्रं गेलं. तिसरीला हिरुबाय चक्क हसली — दुःखाच्या चित्रपटात हसणं? छे छे! "मावशी, पुन्हा एकदा," शलाका म्हणायची. अशा सात खेपा. टोपलं अठरा किलोचं. सात अठरं एकशे सव्वीस किलो — अनवाणी, मिठावरून!

या जोडीचा एक नेम होता. चित्रपट आधी त्याच माणसांना दाखवायचा. त्यांनी हो म्हटलं, तरच बाहेर पाठवायचा. तीन आठवड्यांनी, भर दुपारी, हिरुबायच्या गावातल्या शाळेच्या खिडक्यांना चादरी लावल्या. पडद्यावर शलाकाचा आवाज घुमला, "इथे या पायांना साधं पादत्राणही मिळत नाही."

हिरुबाय उठली. "पोरी, माजे बूट कुठं गेले?"

मागून कोणी ओरडलं, "आगं, अनवाणीच हिरॉइन झालीस की!"

खसखस पिकली. हिरुबाय हसली नाही. "माजी लेक बघंल ना हे. तिला वाटंल, आयेनं घातलेच नाहीत."

शलाकाची मान खाली गेली. आणि खाली काय दिसावं? हिरुबायची टाच. तिच्यावर अजून ओली खपली. ही जखम मिठाची, की माझी? तिला तिथे बसवेना, उठवेना.

भार्गव कानाशी लागला, "ते वाक्य काढून टाकू."

"वाक्य काढून भागणार नाही," ती म्हणाली. "आपण जे कापलं, ते जोडायचं. बूट, सातही खेपा, आणि माझं ते 'पुन्हा एकदा'सुद्धा. मावशी, मग चालेल?"

"बूट दिसतील?"

"पहिले तेच दिसतील."

"मग चालंल."

हसलात, मंडळी? मघाशी याच मंडपात अन्नदान झालं. फोटो हलला म्हणून त्या कोपऱ्यातल्या आजोबांना वाढलेलं ताट पुन्हा हातात धरून उभं कोणी केलं? हात वर करू नका. मान खाली गेली, तरी पुरे. अहो, त्या फोटोचं कौतुक करणाऱ्यांत मीही उभा होतो!

चित्रपट बावीस मिनिटांचा होता. आता सव्वीस मिनिटांचा आहे.