गवती चहाची कुंडी

(रविवार सकाळ. बाबांच्या बाल्कनीत कुंड्यांपाशी थोरली ताई आणि धाकटा बाळ्या. बाबा आत स्वयंपाकघरात.)

बाळ्या : ताई, हे गवत आहे.

ताई : हळू बोल. बाबा आत चहा करतायत.

बाळ्या : हळू बोलल्याने त्याचा गवती चहा होणार आहे का?

ताई : मला माहितीये ते गवत आहे. गवती चहाचं पान चुरडलं की लिंबासारखा वास येतो. याला खेळाच्या मैदानासारखा येतो. मी पहिल्याच रविवारी चुरडून बघितलं होतं.

बाळ्या : आणि तरी दर रविवारी येऊन पितेस.

ताई : मागच्या महिन्यात आलास तेव्हा तूही प्यायलास.

बाळ्या : मला वाटलं, चहापत्ती बदलली असेल. पण हे उगवलं कुठून?

ताई : बाबा तुझ्याकडे राहायला आले होते ना, तेव्हा इथला गवती चहा वाळून गेला. परत आल्यावर त्यांनी पाणी घातलं, आणि मातीत जे काही पडलेलं होतं ते उगवलं. बाबांना वाटलं, मुळं जिवंत होती. फोनवर सांगताना आवाज काय फुलला होता त्यांचा. मग मी काय बोलणार?

बाळ्या : ‘बाबा, हे गवत आहे.’ एवढंच.

ताई : मग आज तू बोल.

बाळ्या : आज नको. आज मला दुसरं बोलायचंय. त्यांनी आता कायमचं माझ्याकडे यावं.

ताई : बाल्कनी नसलेल्या घरात.

बाळ्या : खिडकी आहे. अगं, माणूस एकटा राहतो, गवत उकळून पितो, आणि तू म्हणतेस सगळं ठीक आहे.

ताई : सगळं ठीक आहे असं मी म्हटलं नाही. हळू बोल असं म्हटलं. मला एकच कळत नाही. साबणाच्या कारखान्यात या माणसाने जन्मभर नाकाचा पगार घेतला. हुंगून सांगायचे, कुठल्या बॅचमध्ये अत्तर कमी पडलंय. त्यांना हे कळू नये?

बाबा : कसला खल चाललाय? धरा, कप गरम आहेत.

ताई : काही नाही, कुंड्या बघत होतो.

बाबा : बघा की. दूध ठेवलंय मंद आचेवर, साय धरेल तोवर. हं, घ्या घोट. कसा झालाय?

ताई : छान.

बाबा : नुसतं छान नको. वास कसा उतरलाय?

ताई : मस्त उतरलाय.

बाबा : बाळ्या, तुझं तोंड का असं?

बाळ्या : गरम आहे.

बाबा : मग फुंक. हा पुदिना बघ, मी शेंडे खुडत गेलो तसा पसरत गेला. हा ओवा. याला पाणी जास्त झालं की रुसतो. थांब, पान चुरडून देतो. ही कोथिंबीर मात्र फार नखरेल, उन्हात ठेवली की लगेच फुलावर येते.

बाळ्या : ताई.

ताई : थांब.

बाळ्या : अगं, पण ताई.

ताई : थांब म्हटलं ना.

बाबा : काय खाणाखुणा चालल्यात?

ताई : बाबा, आत्ता कसला वास येतोय?

बाबा : ओव्याचा. आत्ताच पान चुरडलं ना मी.

ताई : अजून?

बाबा : अजून म्हणजे, चहाचा.

ताई : बाळ्या, जा, गॅस बंद कर. दूध करपलंय.

बाबा : करपलंय?

ताई : केव्हाचं.

बाबा : अस्सं. म्हणजे तू मुद्दाम थांबून माझी परीक्षा घेतलीस.

ताई : हो. केव्हापासून येत नाही वास?

बाबा : ती मोठी सर्दी झाली होती ना, तेव्हापासून. सर्दी गेली, जाताना वासही घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, कधीकधी होतं असं. ओळखीचे वास रोज हुंगत राहा, आले तर परत येतील.

ताई : म्हणून या कुंड्या.

बाबा : मग तुम्हाला काय वाटलं?

ताई : निवृत्त माणसाचा छंद.

बाबा : मला मातीत हात घालायला अजिबात आवडत नसे. आता आवडतं, ती गोष्ट वेगळी.

बाळ्या : पातेलं कामातून गेलं. तळ काळाठिक्कर. घरभर धूर आहे आणि हे इथे कोथिंबिरीचे नखरे सांगतायत.

ताई : त्यांना वासच येत नाही, बाळ्या. त्या सर्दीपासून.

बाळ्या : आणि आम्हाला सांगितलं नाहीत?

बाबा : तुला सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी खोकी घेऊन आला असतास, सामान भरायला.

बाळ्या : येणारच. गॅस उघडा राहिला तर कळणार आहे का तुम्हाला?

बाबा : झोपायच्या आधी सिलिंडर बंद करतो मी. दोनदा उठून बघतो.

बाळ्या : आणि आत्ता?

बाबा : आत्ता तुम्ही होतात. मी जरा निर्धास्त होतो.

ताई : बाबा, रोज हुंगता त्यातलं काही लागतं का?

बाबा : पुदिना गार लागतो. वास नाही, नुसता गारवा. बाकी काही नाही. गवती चहापाशी सगळ्यात जास्त वेळ बसतो, कारण तो तुम्हाला फार आवडतो.

बाळ्या : ताई, सांग आता.

ताई : बाबा, ते गवत आहे.

बाबा : कुठलं गवत?

ताई : साधं. मैदानातलं.

बाबा : आणि तुम्ही ते प्यायलात?

ताई : दर रविवारी.

बाबा : आणि छान म्हणालात.

ताई : तुम्ही इतक्या आशेने बघायचात तोंडाकडे.

बाबा : आशेने नाही गं. मला कळत नव्हतं म्हणून तुमच्या तोंडावरून ओळखत होतो. तू घोट घेऊन हसलीस की मी समजायचो, वास आहे, आपलंच नाक कमी पडतंय. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा ते पान घेऊन बसायचो. लिंबू शोधत.

ताई : गवतात.

बाबा : गवतात.

बाळ्या : मी तोंड वाकडं केलं होतं.

बाबा : तू लहानपणापासून सगळ्यालाच तोंड वाकडं करतोस. त्यावरून काय ओळखणार?

ताई : चुकलंच माझं.

बाबा : असू दे. गुरं जन्मभर खातात, त्यांना काही होत नाही. बाळ्या, तुझ्या त्या खिडकीत कुंड्या किती मावतील?

बाळ्या : चार.

ताई : बाळ्या.

बाळ्या : दोन. एक मोठी असेल तर एकच.

बाबा : मग ओव्याला सोडून येऊ की पुदिन्याला?

बाळ्या : असं विचारलं की मी काय बोलणार? बरं, राहा इथेच. पण गॅसची शेगडी आजच निघेल. मी विजेची आणून बसवून देतो, आणि सिलिंडर मी घेऊन जाणार.

बाबा : ने. मलाही रात्री दोनदा उठायचा कंटाळा आलाय.

ताई : बाबा, माझ्या पिशवीत खरा गवती चहा आहे. मुळांसकट.

बाबा : म्हणजे आज सांगणार होतीस?

ताई : नाही. तुम्ही अंघोळीला गेलात की बदलणार होते.

बाळ्या : कमाल आहे तुझी.

बाबा : आण इकडे. या गवताला ती रिकामी बादली दे. एवढं वाढलंय ते, त्याची काय चूक? हं, आता एक पान चुरड. मला दे आधी.

ताई : काही?

बाबा : काही नाही. घे, तू सांग. आणि खरं सांग.

ताई : लिंबाची साल. मागून जरासा आल्याचा वास.

बाळ्या : बघू. लिंबू आहे. आलं कुठेय?

बाबा : घाई करू नकोस. श्वास सोड, मग पुन्हा घे.

बाळ्या : हां. आहे. अगदी शेवटी येतंय.

बाबा : वाटलंच मला. तोंड सरळ झालं तुझं.

ताई : पुढच्या रविवारी मी आले की परत हुंगू.

बाबा : दोघंही या. एका नाकावर मी कधी बॅच पास केलेली नाही.