दाराखालची पाचर

हॅलो?… हो, मीच. कोण?… काका, तुम्ही. वेधशाळेतून?… नाही, आवाज ओळखला. बाबा गेल्यापासून चार महिने ऐकला नव्हता, एवढंच.

आई बरी आहे… काका, कामाचं बोला.

हो, वाचलं सकाळी. ज्वालामुखीची राख इकडे सरकतेय… मग? लेझर आहे ना तुमच्याकडे? आकाशात सोडायचा, राख किती उंचीवर आहे ते कळतं. बाबांनी जन्मभर दुसरं काय केलं?

दिसत नाही म्हणजे?… नुसता ढग?

लेझरची नळी सरळ उभी कुणी केली?… पाणसळ लावून. वा.

अहो, ऐका ना. वाकडी नव्हती ती. मुद्दाम कलती ठेवली होती. सरळ वर सोडला की ढगातले बर्फाचे चपटे कण आरशासारखे चमकतात, त्या चकाकीत राख लपते. सातवीत असताना मला टॉर्च आणि आरसा घेऊन समजावलं होतं त्यांनी. तुम्ही तर वीस वर्षं शेजारच्या टेबलावर होतात.

हो, हो… ‘म्हाताऱ्याचं खूळ’ तुम्ही नाही म्हणालात. नुसते हसलात.

किती कलती, ते मला कसं ठाऊक? खाली लाकडी पाचर होती, त्यांनीच तासलेली… वहीत फक्त ‘पाचर लावली’ एवढंच? आणि पुढचं सगळं गणित त्या कलावर… मग तीच लावा की.

हो, आलं बाबांच्या सामानाचं खोकं. चष्मा, कप, स्वेटर, आणि ती पाचर. शिपायाच्या हाती पाठवलंत. दोन जिने तुम्हाला जड झाले… राहू दे, गुडघ्यांचं नका सांगू.

त्या राखेतून जाणारी विमानं कधीची?… चारची. थांबवा ना… हं. आकडा दाखवल्याशिवाय कोण थांबवतंय. बाबाही हेच सांगत घरी यायचे.

नाही, टाकली नाही. धरा जरा.

…आहात? आहे समोरच. बाबांच्या खोलीचं दार आपोआप मिटतं, म्हणून खाली सरकवली होती. येता-जाता आई आत बघते.

नको, शिपाई नको. तुम्ही या. वर या… हो, आत्ताच.

परत? कशाला परत? नळीखालीच राहू दे. फक्त पुन्हा कुणी पाणसळ घेऊन आलं, तर या वेळी हसू नका.

हो… काढतेय… काढली.

काही नाही काका. दार लागलं.

ठेवते.