विळा घरीच राहिला

(वाशीममधलं एक सभागृह. मंचामागची खोली. विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांचा गौरव सोहळा सुरू व्हायचाय. भागवत सर सूत्रसंचालक, धम्मदीपा सत्कारमूर्ती, लिलाबाई तिची आई.)

भागवत सर : ...अंधाऱ्या झोपडीत उमललेलं हे कमळ! चिमणीच्या मिणमिणत्या उजेडात ज्या लेकीनं अक्षरं गिरवली...

धम्मदीपा : थांबा सर. कोणाची चिमणी?

भागवत सर : तुमचीच, मॅडम. मी या चार ओळी म्हणणार, मग तुमचं नाव. टाळ्या पडल्या की तुम्ही मंचावर.

धम्मदीपा : आमच्या घरी चिमणी नव्हती. बाबा जऊळक्याच्या स्टेशनावर पॉइंट्समन होते. राहायला रेल्वेचं क्वार्टर. गावातली लाइट जायची, आमची नाही.

लिलाबाई : गावातलेच पोट्टे आमच्या दारात येऊन बसत अभ्यासाले. चहा करू करू जीव जाये माहा.

भागवत सर : आई, ही काव्यात्म मांडणी असते हो. शब्दशः घ्यायची नसते.

धम्मदीपा : मग माझ्या वर्गातल्या हरीओमची काव्यात्म मांडणी काय केली? त्याचाही सत्कार आहे ना?

भागवत सर : "वनखात्यातील कर्तव्यदक्ष अधिकारी, वनस्पतिशास्त्राचे गाढे अभ्यासक."

धम्मदीपा : गाढे! प्रॅक्टिकलमध्ये बेशरमाच्या झुडपाच्या पानाला तंबाखू म्हणाला होता तो. अख्खी एमेस्सी दोन पँटींवर काढली. परवापर्यंत स्वतःच हसत सांगत होता. त्याच्या पँटी नाही घातल्या तुम्ही काव्यात?

भागवत सर : ते बरं दिसत नाही, मॅडम. मोठं घराणं आहे त्यांचं.

धम्मदीपा : हं. म्हणजे अंधार फक्त आमच्याच वस्तीवर पडतो.

भागवत सर : तुम्ही उगाच भलतीकडे नेऊ नका. दरवर्षी असा एक सत्कार ठेवतोच आम्ही. सभागृह हळवं होतं. गेल्या वर्षी प्रमुख पाहुण्यांनी रुमाल काढला होता. पेपरात फोटो तोच आला.

धम्मदीपा : असा एक म्हणजे कसा एक?

भागवत सर : म्हणजे... प्रतिकूल परिस्थितीतला. आणि लिलाबाई, आपलं फोनवर ठरलं होतं ना? ही जांभळी पैठणी काय नेसून आलात?

लिलाबाई : काहून? चांगली नाही का? नागपूरहून आणली, माह्या पेन्शनीतून.

धम्मदीपा : फोनवर काय ठरलं होतं, आई?

लिलाबाई : जाऊ दे न वं धम्मी. कार्यक्रम होऊ दे.

धम्मदीपा : आई.

लिलाबाई : साधं सुती लुगडं नेसून या म्हने. आन हातात इळा आना.

धम्मदीपा : विळा?

भागवत सर : प्रतीक म्हणून! मातेच्या श्रमाचं प्रतीक. आई शेवटच्या रांगेत बसणार, मी हाक मारणार, सगळ्या सभागृहातून त्या डोळे पुसत मंचापर्यंत येणार. फार उंचीचा प्रसंग होता तो.

धम्मदीपा : माझी आई मंगरूळपीरच्या दवाखान्यात नर्स होती, सर. अर्ध्या तालुक्याच्या बाळंतपणाला तिचा हात लागलाय. तिच्या हातात विळा देता? आणि हरीओमचे वडील, बबनराव, कुठं बसलेत?

भागवत सर : ते... पहिल्या रांगेत. पाहुण्यांसोबत.

धम्मदीपा : त्यांना काय आणायला सांगितलं? नांगर?

लिलाबाई : मी इळा पिशवीत घातला होता, धम्मी.

धम्मदीपा : तू घातलास?

लिलाबाई : मले वाटलं, नाही म्हटलं तं तुयं नाव कापतीन. घरून निघता निघता भितीवरच्या तुया बापाच्या फोटोकडं ध्यान गेलं. तसाच मांगं नेऊन ठेवला. लुगडंबी बदललं. म्हटलं, कापलं नाव तं कापलं.

धम्मदीपा : ऐकलं सर? आता माझं ऐका. तुमच्या त्या चार ओळी म्हटल्या तर मी मंचावर येणार नाही. समोरच्या दारानं, सगळ्यांदेखत, आईला घेऊन घरी जायला अनसिंगची गाडी धरीन. तुमच्या सोहळ्याचा फोटो मग तोच येईल.

भागवत सर : अहो, पण मग मी बोलू काय? माझ्याकडे दुसरं काही तयारच नाही!

धम्मदीपा : का नाही? मी काय काम करते ते विचारलंत का कधी?

भागवत सर : वनस्पतिशास्त्र... डॉक्टरेट... तुरीचं काहीतरी...

धम्मदीपा : उभ्या शेतात तूर वाळते, तो मर रोग. त्याला दाद न देणारं वाण आमच्या गटानं काढलं. त्या गटाची प्रमुख मी. त्याचं पहिलं काम याच विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत झालं, गळक्या छताखाली. त्या छताचं रडगाणं गायचं तर खुशाल गा, मी साथ देते. यंदा आपल्या जिल्ह्यात तेच पेरलंय लोकांनी.

भागवत सर : एक मिनिट. ते लाल दाण्याचं? बुटकं झाड?

धम्मदीपा : तेच.

भागवत सर : थे तुमचं हाय? माह्या बापानं थेच पेरलं यंदा! शेजारच्याची तूर सारी वाळली न जी, आमची शेंगांनी वाकून राह्यली. बाप रोज वावराच्या धुऱ्यावर जाऊन पाह्यते. कोनाचं वाण हाय हे, म्हने, एक डाव त्याले भेटा लागते.

लिलाबाई : आता बोलला मास्तर घरच्यावानी!

धम्मदीपा : मग हेच बोला मंचावर. कमळबिमळ राहू द्या.

भागवत सर : असं? गावठी?

धम्मदीपा : असंच. आणि तुमच्या वडिलांना सांगा, भेटायचं असेल तर मी येईन धुऱ्यावर. हार आणू नका म्हणा, शेंगा ठेवा.

भागवत सर : चला, पाहुणे आले. माईक सुरू झाला. मॅडम, तुम्ही इथंच थांबा, विंगेत. आणि... आईंबद्दल काय सांगू?

लिलाबाई : काही सांगू नका. कोनी इचारलं तं म्हना, पयल्या रांगेत बसली हाय.