हिरामावशींची बर्फाची पेटी

तुम्ही पोरं आता ज्याला युजर रिसर्च म्हणता ना, ते मी नव्वदच्या सुमाराला कोलशेतला केलेलं, आणि साफ तोंडावर आपटलेलो.

आमच्या प्लास्टिकच्या कारखान्यात मी मासे विकणाऱ्या बायकांसाठी बर्फाची पेटी बनवलेली. जाड भिंती, घट्ट झाकण. साचा बनवायच्या आधी साहेब म्हणाले, कोणाला तरी वापरायला दे. मी कोळीवाड्यातल्या हिरामावशींना नमुना दिला. पंधरा दिवसांनी विचारलं, "मावशी, पेटी कशी आहे?"

"एकदम बेस."

मी खूश होऊन साहेबांना थेट बाजारात घेऊन गेलो. बघतो तर मावशी जुन्याच पाटीत मासे मांडून बसलेल्या.

"मावशी, पेटी कुठाय?"

"घरी. तांदूळ भरलेत. एक किडा नाय लागला."

"अहो, ती मासे ठेवायला दिलेली."

"झाकण लावलं तर गिऱ्हाइकाला म्हावरं दिसत नाय. उघडलं तर बर्फ दिसतो, मग शिळं हाय म्हणतात. तू घेशील का असलं?"

"मग मला बेस का म्हणालात?"

"तू पेटीचं इचारलंस. धंद्याचं कुठं इचारलंस?"

साहेब मला एवढंच म्हणाले, "उद्यापासून महिनाभर सकाळी यांच्या शेजारी बसायचं. काही विचारायचं नाही, फक्त बघायचं."

बसलो. मग उथळ, उघडा ट्रे केला, बर्फ खालच्या कप्प्यात. मावशींनी तो चार दिवस वापरला. या वेळी बेस वगैरे काही म्हणाल्या नाहीत.

म्हणाल्या, "अजून दोन दे. जावांना पायजेत."