तोकडा फलक

कुणाच्या तरी डब्याचं झाकण खणकन पडलं आणि शाळेच्या फाटकापाशी गप्प उभ्या रांगेला कंठ फुटला. गावात नव्यानेच राहायला आलेली आई लेकीचा हात घट्ट धरून ऐकत राहिली.

“काय हो शिपाईमामा, भिंतीवर ‘बाहेरच्यांनो, चालते व्हा’ लिहिलंय, ते पुसणार कधी?”

“रंगाची मंजुरी यायचीय, आजोबा. तोवर हा ‘सुस्वागतम्’चा फलक टांगतोय.”

“अहो, तोकडा पडला! खालची ओळ उघडीच.”

“असू दे. ‘बाहेरच्यांनो’ झाकलं ना? आता कुणाला लागणार नाही.”

“वा! म्हणजे आता सगळ्यांनीच चालतं व्हायचं!”

रांग खदखदली.

नुकतीच वाचायला शिकलेली लेक एकेका अक्षरावर बोट नाचवत होती.

“सुस्वागतम्... चालते व्हा. आई, मग आपण आत जायचं की परत?”