काटा बिघडला तरी

वारंगा फाट्यावर एसटीची वाट बघत होतो. शेजारच्या बाकावर कुरुंदा गावच्या जनकाबाई आणि अणुवीज केंद्रातून सुट्टीवर आलेली त्यांची लेक, सरिता.

“खरं सांग सरिता, तुला कामावरून काढलं का?”

“न्हाई गं माय. पंप तापल्याचं काटा दाखवू लागला, म्हणून मी अणुभट्टी बंद केली.”

“अन् पंप?”

“चांगला होता. काटाच बिघडला होता.”

“मंग भट्टी काहून बंद केलीस?”

“शंका आली की आधी बंद करायची, मंग शोधायचं. नियमच हाय तसा.”

“साहेब वरडले असतील.”

“लई वरडले. मंग सरकारी तपासणीवाले आले. त्यांनी लिहून दिलं, सरितानं बराबर केलं.”

“लिहून दिलं?”

“व्हय, सही-शिक्क्यासकट.”

“मंग काय! साऱ्या कुरुंद्याला सांगते, माझ्या लेकीनं अख्खं वीजकेंद्र बंद पाडलं!”