लॉक नवं, ॲक्सल जुना

जीपला लॉक बसवताय तर बसवा, पण आधी माझं ऐका. आमच्या वस्तीवरनं वरवंडला जायची वाट सगळी काळ्या रानातली. चिखलात मागचं एकच चाक फिरायचं आन् जीप जागेवर. म्हणून दोन्ही चाकं संगं फिरवणारं लॉक मी बसवून घेतलं. मिस्त्री म्हणाले, "आता सगळा जोर ॲक्सलवर, चाकं फिरवणाऱ्या दांड्यावर, येणार. ह्यो बारीक हाय, जाड टाकून घ्या."

मी म्हणलं, "सध्या चालू द्या, बघू नंतर."

त्याच आठवड्यात माझ्या धाकट्या बहिणीची, सुमनची, पुण्यात पोलीस भरती होती. वर्षभर ती रोज पहाटे कालव्याच्या कडेनं पळायची. वयात बसायची ही शेवटचीच खेप. आदल्या दिवशी पाऊस झाला होता. पहाटे तिला जीपनं वरवंडच्या हायवेला सोडायला निघालो, तर अर्ध्या वाटेत जीप रुतली. मी पहिला गिअर टाकून रेटलं, तसा खाडकन आवाज झाला आन् ॲक्सल तुटला.

सुमन उतरली. "दादा, मी पळत जाते," म्हणाली आन् चिखलातनं हायवेकडं निघाली.

संध्याकाळी परत आली. मी विचारलं, "काय झालं?"

"एसटी मिळाली. पण भरतीच्या मैदानाचं गेट बंद झालं होतं."

"चूक माझी हाय," मी म्हणलं. ती चिखलाचे पाय धुवायला गेली.

मग मी जाड ॲक्सल टाकला. पुढच्या वैशाखात तिचं लग्न झालं आन् तिला भांडगावला सासरी सोडायला त्याच जीपनं गेलो. वळवाचा चिखल होता, पण जीप कुठंच अडकली न्हाई.